उन्हाळ्यातील मदतकार्य: पाणपोईच्या पुढे स्वयंसेवकांनी नेमके काय करावे?

वैनगंगाकाठ (प्रश्न, १२ मार्च)

नमस्कार. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून मोठा विसर्ग झाला आणि वैनगंगेचे पाणी ब्रह्मपुरी तालुक्यातील गावांत शिरले. त्या आठवड्यात डोंग्यांतून माणसे बाहेर काढणे, शाळेच्या खोल्यांत स्वयंपाक लावणे, औषधे पोहोचवणे ही कामे करता करता आमचा अठरा-वीस जणांचा गट तयार झाला आणि पाणी ओसरल्यावरही तो टिकून राहिला. गेले दोन उन्हाळे आम्ही एस.टी. थांब्याजवळ पाणपोई चालवतो. माठ रोज धुतले जातात, वर ओले गोणपाट असते, लोक थांबतात, पाणी पितात, दुवा देतात.

मागच्या मे महिन्यात या पाणपोईपासून दोनशे पावलांवर, टिनाच्या छपराच्या एका खोलीत, एकट्या राहणाऱ्या एक आजी दुपारी मरण पावल्या. संध्याकाळी शेजारीण दूध द्यायला गेली तेव्हा ते कळले. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे कारण लिहिले गेले, आणि गावातही कोणी त्या मृत्यूचा संबंध उन्हाशी जोडला नाही. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट सलते आहे. पुरात कोणाला मदत हवी आहे ते डोळ्यांना दिसते, कारण माणूस छपरावर बसलेला असतो आणि हात हलवत असतो. उन्हात संकटात सापडलेला माणूस घराचे दार लावून आत पडलेला असतो आणि आपण रस्त्यावर उभे राहून, जो चालत येऊ शकतो त्यालाच पाणी देत असतो.

यंदा वेगळ्या पद्धतीने काम करावे असे वाटते. कोणाकडे जायचे ते कसे ठरवावे, किती तापमानाला काम सुरू करावे, आणि उष्माघाताचा रुग्ण समोर आला तर आमच्यासारख्या अप्रशिक्षित माणसांनी काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे.

साबरमतीचा_मराठी (१२ मार्च)

मी गेली तीस वर्षे अहमदाबादेत राहतो, म्हणून इथला अनुभव सांगतो. मे २०१० मध्ये या शहरात पारा ४६.८ अंशांपर्यंत गेला होता. तेव्हा आम्हा शहरवासीयांना ‘यंदा ऊन जरा जास्तच आहे’ यापलीकडे काही जाणवले नव्हते. पुढे संशोधकांनी त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची तुलना २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांशी केली, आणि १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा अधिक झाल्याचे दिसून आले. यांतील बहुतेकांच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ हा शब्द नसणार. तुमच्या गावातील आजींच्या दाखल्यावर नव्हता, तसाच. उष्णता बहुधा आधीच थकलेल्या हृदयावर, मूत्रपिंडावर किंवा फुप्फुसावर शेवटचा भार टाकते आणि कागदावर नाव त्या अवयवाचे लागते. म्हणून ‘आमच्याकडे उष्माघाताचे बळी नाहीत’ या विधानाला मी फारशी किंमत देत नाही.

२०१३ मध्ये अहमदाबाद महानगरपालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. दक्षिण आशियातील कोणत्याही शहराचा हा पहिला आराखडा होता, आणि नागपूरसह विदर्भातील शहरांचे आराखडे त्यानंतरचे आहेत. लोकांना त्यातले फलक आणि रंगीत इशारे लक्षात राहतात. माझ्या मते त्याचा खरा गाभा अगदी रुक्ष आहे: इशारा मिळाल्यावर कोणी कोणाला दूरध्वनी करायचा, कोणत्या दवाखान्यात बर्फ आणि सलाईन आधीच ठेवायचे, कोणत्या बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, हे आधी लिहून ठेवणे. तुमच्या अठरा जणांच्या गटालाही असा एका पानाचा कागद करता येईल.

दुसरी गोष्ट छपरांची. इथल्या एका सरकारी रुग्णालयात नवजात बालकांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीच्या थेट खाली होता; तो खाली हलवल्यावर उष्णतेमुळे आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या घटली. एवढ्या साध्या कारणाने एवढा फरक पडतो, हे पाहून आम्हीही वस्तीतल्या टिनाच्या छपरांना चुन्याचा पांढरा हात देऊ लागलो. खोली त्याने थंडगार होत नाही, पण भट्टीची पुन्हा खोली होते. हे काम एप्रिल उजाडण्यापूर्वी करावे लागते, कारण तापलेल्या टिनावर चढून रंग देणारा स्वयंसेवक हाच मग पहिला रुग्ण ठरतो.

निवृत्त_परिचारिका_नागपूर (१३ मार्च)

वैनगंगाकाठ, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण माझी बहुतेक नोकरी मेडिसिनच्या वॉर्डात गेली आणि मे महिना म्हणजे काय ते मी तिथे पाहिले आहे.

‘ऊन लागले’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या अवस्था कोंबतो. पहिलीत माणूस घामाने डबडबलेला, थकलेला, मळमळणारा असतो, डोके दुखत असते, पायात गोळे येतात. पण तो शुद्धीत असतो, विचारले तर नीट उत्तर देतो. त्याला सावलीत आडवे करा, कपडे सैल करा, अंग ओले करा, घोट घोट पाणी किंवा जलसंजीवनी द्या; बहुतेक वेळा तासाभरात तो उठून बसतो. दुसरी अवस्था उष्माघाताची. त्यात शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि मेंदू बिघडू लागतो: माणूस बरळतो, ओळखत नाही, चिडतो, झोकांड्या खातो, त्याला झटके येतात किंवा तो बेशुद्ध होतो. ‘घाम आटला म्हणजेच उष्माघात’ असे पुष्कळांना वाटते, ते अर्धवट खरे आहे. घरात पडून राहिलेल्या वृद्धाची त्वचा कोरडी लागते, पण विटा वाहणारा तरुण मजूर उष्माघातातही घामाने भिजलेला असू शकतो. म्हणून घाम पाहू नका, बोलणे पाहा. नाव विचारा, गाव विचारा, आज वार कोणता ते विचारा.

वागणे बदलले आहे असे दिसले की १०८ ला दूरध्वनी करा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. सगळ्यात मोठी चूक इथे होते. नातेवाईक रुग्णाला तसाच तापलेल्या गाडीत घालून तालुक्याला नेतात, पाऊण तास जातो आणि तेवढ्या वेळात जे नुकसान होते ते आम्ही वॉर्डात भरून काढू शकत नाही. आधी थंड करा, मग हलवा. हातपंपाखाली ठेवता आले तर उत्तम. नाहीतर ताडपत्रीचे चार कोपरे चौघांनी उचलून धरावेत, मध्ये रुग्णाला ठेवून तोंड पाण्याबाहेर राहील अशा बेताने पाणी ओतावे, बर्फ असेल तर तोही टाकावा. तेही शक्य नसेल तर अंगभर ओले फडके ठेवून जोराने वारा घाला, आणि मान, काखा व जांघा येथे बर्फाच्या पुरचुंड्या ठेवा. गाडीत ठेवल्यावरही हे चालूच राहू द्या. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, लिंबूसरबत, कांद्याचा रस, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही देऊ नका, कारण हा ताप जंतूंमुळे आलेला नसल्याने ती येथे लागू पडत नाही आणि यकृताला उगाच त्रास होतो.

खिशातल्या कांद्याबद्दल मला दरवर्षी विचारतात. कांदा खिशात ठेवल्याने अपाय नाही, उपायही नाही. फक्त ‘कांदा आहे ना खिशात’ म्हणून कोणी दुपारी दोनला उघड्या डोक्याने शेतात जात असेल तर तो कांदा महागात पडतो.

जलसंजीवनीबद्दल थोडे सांगते, कारण वाटप करणारेच ती चुकीची बनवताना मी पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी पेल्यात टाकून ‘स्ट्राँग’ केलेले पाणी लहान मुलांना धोकादायक ठरते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कैरीचे पन्हे, ताक, आंबील हे सगळे चांगलेच. मात्र मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांना किती पाणी, किती मीठ, हे त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. लघवी होण्याची गोळी, मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांना उष्णता लवकर बाधते. ती औषधे कोणी आपल्या मनाने थांबवू नयेत, पण अशा माणसांची नावे तुमच्या यादीत वर असावीत.

आणि एक गोष्ट पुरुष स्वयंसेवकांच्या ध्यानात येत नाही. बाजारात, बांधावर, रोजगार हमीच्या कामावर बसलेल्या बाया पाणपोईसमोरून जातात, तरी पाणी पीत नाहीत, कारण प्यायले तर जायचे कुठे हा प्रश्न असतो. पाणपोईजवळ आडोसा आणि स्वच्छ शौचालय नसेल तर ती निम्म्या गावासाठी नाही, असे समजा.

कृष्णाकाठचा_आपदामित्र (१४ मार्च)

मी सांगलीचा. २०१९ च्या महापुरानंतर आपदा मित्र म्हणून बारा दिवसांचे प्रशिक्षण घेतले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही योजना २०१६ मध्ये देशातील तीस पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्यापर्यंत वाढवली गेली. आमचा भर साहजिकच बोट, दोर, शोध आणि प्रथमोपचार यांवर होता. तुमच्या गटाने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे नाव नोंदवून प्रशिक्षण मागावे. अधिकृत ओळखपत्र असले की दुपारी परक्या दारावर थाप मारणेही सोपे जाते.

वरच्या प्रतिसादांतील एका सुराशी मात्र मी सहमत नाही. पाणपोई कमी लेखू नका. लोक तुम्हाला तिच्यामुळे ओळखतात, आणि ओळख नसलेल्याला कोणी म्हातारी दार उघडत नाही. पाणपोई ठेवा, फक्त तिथे एकाच माणसाला बसवा आणि बाकीच्यांना गल्ल्यांत पाठवा.

किती तापमानाला सुरुवात करायची, याचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर असून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा प्रत्यक्ष ४५ अंशांवर पोहोचला असेल, तर उष्णतेची लाट मानतात. किनारपट्टीसाठी हाच उंबरठा ३७ अंशांचा आहे. अहमदाबादेच्या आराखड्यात नारिंगी इशारा ४३.१ अंशांपासून आणि लाल इशारा ४५ पासून होता. तुमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात हे आकडे इतके नेहमीचे असतात की त्यांवर चाललात तर महिनाभर लाल दिवाच लागलेला राहील. माझ्या अंदाजाने तुम्ही दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. एक, रात्र थंड होते आहे की नाही, कारण रात्री शरीराला विसावा मिळाला नाही की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे कोसळू लागतात. दुसरी, हंगामातला पहिला तडाखा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, ४५ अंशांपेक्षा एप्रिलमधला अचानक आलेला ४२ चा दिवस काही वेळा अधिक घातक ठरतो, आणि दुसरीकडून नुकताच आलेला मजूर जुन्या मजुरापेक्षा आधी पडतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर दुपारच्या उघड्यावरील कार्यक्रमात उन्हाचा त्रास होऊन चौदा जणांचा जीव गेला, तेव्हा पारा चाळिशीच्याही खाली होता. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. तुमच्याकडे कोरडी हवा असते, पण पावसाळ्याच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, ढग येतात, हवा दमट होते, आणि लोक मात्र ‘आता ऊन उतरले’ म्हणून सावधपणा सोडतात. तेव्हा तुम्ही काम बंद करू नका.

आकडे समाजमाध्यमांवरून उचलू नका, हेही सांगून ठेवतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडा देशभर फिरला. उपकरण बिघडल्याचे हवामान विभागाने नंतर सांगितले. अशा एका आकड्याने पुढच्या दहा खऱ्या इशाऱ्यांवरचा विश्वास उडतो.

निधीचे म्हणाल तर २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राने मान्य केलेल्या बारा आपत्तींच्या यादीत पूर, भूकंप, दुष्काळ होते, थंडीची लाट आणि कीडसुद्धा होती, पण उष्णतेची लाट नव्हती. राज्यांना आपल्या आपत्ती निधीतील दहा टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा असते, तेवढीच वाट. त्यामुळे चुना, ताडपत्री, बर्फाची पेटी आणि तापमापक यांचा खर्च ग्रामपंचायतीकडून किंवा वर्गणीतूनच उभा करावा लागेल, असे धरून चाला.

शेवटी तुमच्या स्वतःच्या माणसांबद्दल. बारा ते चार या वेळेत फेरीला जाणारे दोघे असावेत, एकटा नको; अर्ध्या तासाने सावलीत बसणे सक्तीचे असावे; आणि कोणी ‘मला काही होत नाही’ म्हणाला तर त्याला त्या दिवशी घरी पाठवावे. पुरात आमच्यात असा एक बहाद्दर होता, त्याला बाहेर काढण्यातच आमची निम्मी दुपार गेली होती.

वैनगंगाकाठ (१६ मार्च)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवा आम्ही बसून टिनाच्या छपराखाली एकटे राहणाऱ्या वृद्धांची घरे मोजायला घेतली. गावातच राहत असूनही आमचा आपसात मेळ बसेना, हे कबूल करायला हवे. कोणी चौदा म्हणाले, कोणी तीस.

दोन शंका उरल्या आहेत. तेंदूपत्त्याच्या हंगामात मे महिन्यात अर्धे गाव पहाटेच जंगलात असते आणि दुपारी परतल्यावर अंगणात पुडकी बांधत बसते. त्यांच्यापर्यंत कधी पोहोचावे? दुसरी शंका कूलरची. ज्या घरांत मुलांनी जुना कूलर आणून दिला आहे, तिथले वृद्ध विजेच्या बिलाच्या भीतीने तो लावत नाहीत, किंवा लावला तर त्याच्या लोखंडी पत्र्यात करंट उतरतो. मागच्या वर्षी शेजारच्या गावात तसा अपघात झाला. पंखाच पुरेसा आहे, असे आम्ही सांगावे का?

निवृत्त_परिचारिका_नागपूर (१६ मार्च)

पंखा पुरेसा आहे असे सांगू नका. खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल तर कोरड्या अंगावर पंख्याचा वारा म्हणजे भट्टीचा फुंकर. तो शरीर तापवतो. आधी अंग ओले, मग पंखा. ओला पंचा खांद्यावर, पाय पाण्याच्या घमेल्यात आणि समोर पंखा, एवढ्याने म्हाताऱ्या माणसाची दुपार निभते आणि बिलही वाढत नाही. कूलरसाठी गावातल्या वायरमनला घेऊन एकदा प्रत्येक घरचे अर्थिंग तपासा, आणि पाणी भरण्यापूर्वी पिन काढायचीच, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. विदर्भात कूलरच्या करंटने दर उन्हाळ्यात माणसे जातात, मग उन्हापासून वाचवायला गेलो आणि विजेने गेला असे व्हायचे.

आशा_गडचिरोली (१७ मार्च)

दादा, मी आशा स्वयंसेविका आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. नवी यादी करू नका. गरोदर बाया, लहान बाळे, रक्तदाबाचे आणि साखरेचे रुग्ण यांच्या नोंदी आमच्या वह्यांत आधीच आहेत. अंगणवाडी ताईंकडे वेगळ्या आहेत. ती माहिती आम्ही तुमच्या हातात देणार नाही, ती लोकांची खासगी असते, पण आम्ही तुमच्याबरोबर चालू शकतो आणि कोणत्या दारावर थांबायचे ते दाखवू शकतो. दरवर्षी मार्चपासून उष्माघाताच्या संशयित रुग्णांची नोंद आरोग्य केंद्राला द्यावी लागते. तुम्हाला असा रुग्ण दिसला तर त्याच दिवशी आम्हाला कळवा, म्हणजे तो कागदावर तरी येईल.

तेंदूपत्त्याचे म्हणाल तर जंगलात जाताना बाया पाण्याची एकच बाटली नेतात, कारण परतताना डोक्यावर पानांचा भारा असतो. पहाटे चारला, गावाच्या वेशीवर, निघण्यापूर्वी त्यांना पोटभर पाणी प्यायला लावा आणि जंगलातून येण्याच्या वाटेवर सकाळी नऊ-दहाला रांजण ठेवा. दुपारी अंगणात पुडकी बांधताना त्या सावलीत असतात, तिथे फार धोका नाही. धोका असतो तो त्या घरी मागे राहिलेल्यांना. सगळे जंगलात गेले की घरात म्हातारी आणि पाळण्यातले बाळ एवढेच उरतात, आणि त्या बाळाला कोणी पाणी पाजत बसू नये, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूधच जास्त वेळा हवे असते, हे त्या आजीला कोणी सांगितलेले नसते. तुमची फेरी त्या घरांकडे वळवा.

वैनगंगाकाठ (१७ मार्च)

ताई, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. आमच्या गावच्या आशा ताईंशी आज बोललो. रविवारी सकाळी त्या आमच्यातल्या चौघांना घेऊन दोन मोहल्ले फिरणार आहेत. चुन्याच्या दहा गोण्या ग्रामपंचायतीकडे मागितल्या आहेत, त्यांतल्या चार मिळतील असे सरपंच म्हणाले. आजींच्या त्या खोलीत आता त्यांचा नातू त्याच्या कुटुंबासह राहायला आला आहे. पहिले छप्पर त्याचेच घेतो आहोत.